चाळिसावी ओळ

प्रल्हाद, सोमवारी सकाळच्या गाडीनं मी नागपूरला निघतोय आणि अजून माझं ठरत नाही, तुझी ओळ ठेवू की तुझं नाव.

दोन्ही मावत नाहीत. प्रोग्रामच्या एका ओळीला एक भोकं पाडलेलं कार्ड, आणि बाहेरून येणाऱ्या माणसाला कार्डं चाळीस. एक्केचाळिसावं गणकयंत्रात घालू देणार नाही, असं तिथल्या संस्थेनं साफ कळवलंय. तू असतास तर बाकीच्या ओळी पिळून कुठून तरी एक जागा काढली असतीस. तू गेल्यापासून मीही पिळतोय. माझ्या हातून ओळ निघते ती फक्त मला न कळलेली असते म्हणून. काल अशीच एक मोठ्या हिमतीनं काढून टाकली आणि हातानं चालवून पाहिलं, तर दहावीच्या वर्गाची सरासरी एकशेबारा आली. शंभरपैकी. आपली शाळा तितकी चांगली नाही रे.

तेव्हा प्रश्न आहे तिथंच आहे. आणि ज्याला विचारावं तो माणूस तू होतास, ही यातली मोठी पंचाईत.

हे सगळं सुरू कसं झालं ते लोक मला विचारतात आणि मी दर वेळी वेगळं सांगतो. खरं म्हणजे सुरू झालं माझ्या फुशारकीपासून. आणीबाणीत आपल्या दोघांना एका जोडीनं नसबंदीच्या केसेस आणायला गावोगाव पिटाळलं होतं. इंझोरीकडच्या एका गावात आपल्याला येताना पाहून सगळे बाप्ये वावरात पळाले आणि आपण दोघं रिकाम्या पारावर बसून बायकांनी लांबून दिलेल्या शिव्या ऐकत होतो. वेळ जाईना म्हणून मी तुला सांगितलं की माझा मेहुणा प्रभाकर नागपूरला एका संस्थेत गणकयंत्रावर आहे, आणि त्या यंत्राची भाषा इंग्रजी असल्यामुळे तो माझाच विषय आहे. तू गणिताचा मास्तर. तू एवढंच म्हणालास, "मंग आपण शिकू ना बे." मला वाटलं, विसरशील. तू कुठली गोष्ट विसरायचास?

प्रभाकरनं सायक्लोस्टाईल केलेलं पुस्तक पाठवलं. भाषेचं नाव मिनिकोड. त्या संस्थेतल्याच कुण्या प्राध्यापकानं ती आपल्या विद्यार्थ्यांसाठी घरगुती बनवलेली, आणि ती समजणारं यंत्र अख्ख्या जगात ते एकच. म्हणजे आपण मालेगावात बसून अशी भाषा शिकायला निघालो की जी कळणारा प्राणी एकच होता, आणि तोही आपण कधी पाहिला नव्हता. पुस्तकाची मधली पानं इतकी पुसट की शाई कुठं संपते आणि डाग कुठं सुरू होतो ते कळेना. आपलं ठरलं: इंग्रजी मी सांगायचं, अर्थ तू सांगायचा. मी तेव्हा याला समान वाटणी समजत होतो.

माझा पहिला प्रोग्राम तुला आठवतो. मी तो व्याकरणशुद्ध लिहिला होता. पूर्ण वाक्यं, पूर्णविराम, सुरुवातीला प्लीज. प्रभाकरनं इमानदारीनं जसाच्या तसा कार्डांवर पाडला आणि यंत्राच्या तोंडी दिला. टपालानं परत आलेल्या कागदावर प्रत्येक ओळीखाली एकेक चूक छापलेली. एक ओळ चुकीवाचून सुटली नव्हती. तू कागद वाचलास, घडी घातलीस आणि म्हणालास, "विसू, तू त्याले रजेचा अर्ज लिहिला." स्टाफरूममध्ये महिनाभर मला कुणी सर म्हणालं नाही, सगळे अर्जदार म्हणायचे. ती बातमी फोडली कुणी, हे मी तुला कधी विचारलं नाही. आता विचारून काय उपयोग. पण तूच ना?

मग तुझी ती युक्ती. एकेका कागदाचं उत्तर यायला टपालाचे दिवस, तोवर आपण काय विचारलं होतं तेच आपल्याला आठवेना. तू म्हणालास, यंत्र नाही तर आपणच यंत्र व्हायचं. शाळा सुटल्यावर मागच्या व्हरांड्यात तू खडूनं चौकोन आखलेस. यंत्राच्या पोटात जसे आकडे ठेवायचे खण असतात तसे हे आपले खण, आणि आकडे म्हणजे चिंचोके. एकानं प्रोग्रामची ओळ वाचायची, दुसऱ्यानं यंत्र होऊन तेवढंच करायचं. बोलायचं नाही, समजून घ्यायचं नाही, सुधारायचं तर मुळीच नाही.

पहिल्या दिवशी यंत्र मी झालो. तिसऱ्या ओळीलाच मी तुला सुचवलं की यापेक्षा असं केलंस तर बरं होईल. तू मला तिथल्या तिथं यंत्राच्या नोकरीवरून काढून टाकलंस आणि स्वतः मांडी घालून बसलास. मग तूच कायम. मी वाचायचं, तू चिंचोके हलवायचे, आणि तुझ्या तोंडावर असा काही शून्यपणा यायचा की मला भीती वाटायची, याला परत बोलावता येईल ना?

गावात अर्थातच बोंब झाली की दोन मास्तर शाळेच्या मागं जुवा खेळून राह्यले. एक दिवस हेडमास्तर स्वतः आले. प्रोग्राम अर्ध्यावर होता, म्हणून तू मान वर केली नाहीस. त्यांनी तुला दोनदा हाक मारली. तू एक चिंचोका चौथ्या खणातून सातव्यात ठेवलास. माझी अशी काही तारांबळ उडाली की मी म्हणालो, "सर, इंगोले सर सध्या यंत्र आहेत."

त्यांनी चष्मा काढून पुसला. "किती वाजेपर्यंत?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, थोडंच राहिलंय. ते उभे राहिले, उत्तर येईपर्यंत थांबले, उत्तर बरोबर आहे का ते विचारून गेले. पुढं कधी काही म्हणाले नाहीत. परवा तुझ्या शोकसभेत त्यांनी तीच गोष्ट सांगितली आणि मधेच चष्मा काढून पुसला. त्यांना ती गोष्ट विनोदी म्हणून सांगायची होती की दुसरी काही म्हणून, मला कळलं नाही. मला हल्ली बरंच काही कळत नाही.

आता त्या मोठ्या घोळावर येतो. व्हरांड्यात आपले प्रोग्राम बिनचूक चालायला लागले. तेच कागद नागपूरला गेले की उत्तर भलतंच. बेरीज कधी थोडी जास्त, कधी हजारांनी जास्त, आणि तोच प्रोग्राम दुसऱ्यांदा पाठवला की चूकही बदललेली. मी आधी टपालखात्यावर संशय घेतला. टपालात आकडे कसे वाढतील, असं तू विचारलंस, तरी मी संशय सोडला नाही. मग मी प्रभाकरला कडक शब्दांत लिहिलं की तू कार्डं पाडताना झोपतोस काय. त्यानं उत्तर दिलं नाही. त्याच्या बहिणीनं दिलं. आठवडाभर माझ्या ताटात भाजी अळणी होती.

आणि मग तुझा हात भाजला. सुमनवहिनी माहेरी गेल्या होत्या आणि तू स्वतःसाठी भाकर टाकायला गेला होतास. उजव्या हाताला फडकं बांधून तू व्हरांड्यात बसलास, डाव्या हातानं चिंचोके हलवायला लागलास, आणि पहिल्यांदा आपल्या व्हरांड्यातही उत्तर चुकलं. नागपूरसारखंच चुकलं. तू खणांकडे पाहत राहिलास. मला वाटलं, हात दुखतोय. मग तू हसायला लागलास, आणि हसता हसता तिथंच फरशीवर आडवा झालास.

"विसू," तू पडल्या पडल्या म्हणालास, "नागपूरचं यंत्र झाडत नाई बे."

मी काहीच समजलो नाही, हे आता सांगायला हवंय का? मग तू उठून दाखवलंस. सुरू करण्याआधी तू दर वेळी तळहातानं सगळे खण साफ करायचास. आधीच्या खेळीतले चिंचोके बाजूला. त्या दिवशी तो हात बांधलेला, म्हणून ते राहिलं. मी ते रोज पाहत होतो आणि मला दिसत नव्हतं. आपल्याकडे माणूस ओट्यावर बसण्याआधी जागेवरून एकदा हात फिरवतो, धूळ असो की नसो. त्याला कोण काम म्हणतं? प्रोग्राममध्ये ती आज्ञा मी लिहिलीच नव्हती, कारण ती न लिहिता होत होती. तिकडे यंत्रात आपल्या आधी जो कुणी येऊन गेला, त्याचे आकडे खणांत तसेच पडून, आणि आपली बेरीज त्यांच्यावर चढत गेली.

"दुसऱ्याच्या चिंचोक्यायवर आपला हिशेब चालू होऊन राह्यला," तू म्हणालास. "येईन कसा बरोबर?"

जगात इतरही लोक ही भाषा शिकले असतील. पण यंत्र झालेला माणूस झाडून बसतो म्हणून प्रोग्राम चुकला, हे फक्त आपल्याच व्हरांड्यात झालं असेल.

आपण पहिल्या ओळीत खण साफ करण्याची आज्ञा घातली. पुढच्या टपालानं बरोबर उत्तर आलं. तू तो कागद बसस्टँडवर आलुबोंडे खाताना मला दुरूनच दाखवलास, कारण माझे हात तेलकट होते. दोन आकडे छापलेले होते, बाकी कागद कोरा. तू त्या दोन आकड्यांकडे असा पाहत होतास की मी गप्प बसलो. माझ्या बाबतीत ही किती मोठी गोष्ट आहे ते तुला माहीत आहे.

त्यानंतरच प्रभाकरनं खटपट केली. सुटीत एक दिवस, बाहेरून शिकणाऱ्या माणसांनी स्वतः यावं, आपला प्रोग्राम आपल्या हातानं यंत्राला द्यावा, समोर उभं राहून उत्तर घ्यावं. चाळीस कार्डांची अट. तुला तर वेडच लागलं. वर्गात फळ्यावर त्रिकोण काढता काढता तू थांबायचास, म्हणे. सगळ्या वर्गाचे मार्क, बेरजा, सरासरी, पहिला कोण, शेवटचा कोण, एवढं सगळं तू एकोणचाळीस ओळींत बसवलंस. माझं म्हणणं होतं, उरलेल्या एका ओळीत मथळा छापू. शाळेचं नाव, गावाचं नाव, आपली दोघांची नावं. ते यंत्र आपलं नाव छापील, तो कागद स्टाफरूममध्ये चौकटीत लागेल, मला अर्जदार म्हणणाऱ्यांची तोंडं बंद होतील.

तू त्या ओळीत काय लिहिलंस? खण साफ करायची आज्ञा. शेवटी. उत्तर छापून झाल्यावर.

मी म्हटलं, सुरुवातीला झाडलंय ना, मग आता काहून? आपलं काम झालं. यापुढं त्या खणांशी आपला काय संबंध? तू म्हणालास, आपल्यामागून कोणी येइन ना. मी म्हटलं, येणाऱ्याला माहीत असेल तर तो स्वतः झाडून घेईल, आणि माहीत नसेल तर शिकू दे आपल्यासारखं ठेच खाऊन. हा माझा मुद्दा बिनतोड होता. तो मी तुला व्हरांड्यात सांगितला, बाजारात सांगितला, आसेगावला तुझ्या घरी जाताना सायकलवर मागं बसून सांगितला. तू पायडल मारत एवढंच म्हणालास, "आपल्याले किती दिवस लागले रे, खण झाडाचं समजाले?" मी म्हटलं, तेच तर. तूही म्हणालास, तेच तर. आपण दोघं एकच शब्द बोललो आणि भांडण आणखी पेटलं.

मग कावीळ. आधी झाडपाला, मग अकोल्याचा दवाखाना. मी भेटायला आलो तेव्हा तुझे डोळे हळदीसारखे होते. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, लेका, नवरदेवाची हळद डोळ्यांत गेली काय? सुमनवहिनी उठून बाहेर गेल्या. असं बोलावं असं मला कुणी शिकवलं, ठाऊक नाही. मग आणखी काही सुचेना, तेव्हा मी आपलं जुनंच भांडण काढलं. मथळा. तुला राग यावा, तू उठून बसावंस, असं मला वाटत होतं. तू डोळे मिटलेस आणि म्हणालास,

"तू म्हणतं तसं कर."

प्रल्हाद, या चार शब्दांचं मी काय करू? तू माझ्याशी कधी हरला नाहीस. चहात आधी साखर की आधी दूध यावरसुद्धा हरला नाहीस. तुला माझं खरंच पटलं होतं? की दमला होतास? की नाद सोडलास, माझा किंवा त्या ओळीचा किंवा एकूणच? मी विचारायला हवं होतं. मी म्हणालो, "बरं, बरा होऊन ये, मग पाहू," आणि गाडीची वेळ झाली म्हणून निघालो. गाडी अर्धा तास उशिरा आली. तो अर्धा तास मी स्टँडवर मुसंबीचा रस पीत उभा होतो.

आसेगावला तुझ्या पुण्यानुमोदनाला तुझ्या बाबांनी मला जवळ बसवलं. बुद्धवंदना झाली, लोक बोलले, तू किती गुणी होतास ते सगळ्यांनी सांगितलं आणि सगळं खरं होतं. मग बाबा हळूच म्हणाले, "बापू, तो तुह्यासंगं काय शिके?"

मी सांगायला गेलो. यंत्र म्हणालो, खण म्हणालो, चिंचोके म्हणालो. त्यांचा चेहरा पाहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. शेवटी तुझ्या ओळीचं सांगितलं, आणि त्यांनाच विचारलं की असं का करायचं होतं त्याला?

"मले काय ठाऊक," ते म्हणाले. "घरी तो कमीच बोले. आमी समजो, तुह्यापाशी बोलत असन."

वहिनींना विचारलं, तर त्यांना वाटत होतं मला माहीत असेल. मला वाटत होतं त्यांना तरी असेल. सगळ्यांनी तुला एकमेकांच्या भरवशावर सोडलं होतं, बघ.

कारणं मी पुष्कळ बसवून पाहिली. तुला स्वच्छतेचं वेड होतं, हे एक. पण तुझं टेबल कुणी पाहिलंय? बुद्धाचा काही विचार असेल म्हणून तुझ्याकडचं एक पुस्तक वहिनींकडून मागून आणलं, तर त्यात माझ्याबद्दलच बऱ्याच गोष्टी निघाल्या, तुझ्याबद्दल काही नाही. मग वाटलं, तू फक्त मला चिडवायला ती ओळ घातली असशील. हे कारण मला सगळ्यात जास्त आवडतं. पण ते खरं वाटत नाही, कारण चिडवताना तुझी डावी भुवई वर जायची. तेव्हा गेली नव्हती.

आणि आता माझं मथळ्याचं वेड बदललंय. शाळेचं नाव नको, माझंही नको. एका ओळीत फक्त तुझं पूर्ण नाव छापावं. तो कागद बाबांना नेऊन द्यावा. त्यांना यंत्र कळलं नाही तरी पोराचं नाव कळेल. हे सुचलं तेव्हा आपलं मन किती मोठं आहे हे पाहून मलाच गहिवरून आलं. दुसऱ्या क्षणी लक्षात आलं की त्यासाठी तुझीच ओळ काढावी लागतेय. ज्याचं नाव छापायचं त्याच्याच हातचं शेवटचं काम पुसून. आणि ती ओळ ठेवली तर तिची खूणसुद्धा कुठं राहत नाही. यंत्र उत्तर छापतं, खण झाडल्याचं छापत नाही. बाबांच्या हातात तेच येतील, आकडे आणि कोरा कागद.

आज दिवसभर मी प्रोग्रामच्या दोन्ही प्रती समोर घेऊन बसलोय. बायको म्हणाली, चिठ्ठ्या टाका. मी टाकल्या. नाव आलं. मी पुन्हा टाकल्या.

मग तुझे ते चार शब्द परत घोकले. तू म्हणतं तसं कर. तू असं म्हणाला नाहीस की मथळा छाप. तू म्हणालास, मी म्हणेन तसं. वकिली वाटेल, पण तू अशी वकिली मला नेहमी खपवून घ्यायला लावायचास, आता तू घे. तेव्हा मी जे म्हणत होतो ते तेव्हाचं. आजचं माझं म्हणणं हे: ओळ राहील. मला पटली म्हणून नाही. कळली म्हणून तर नाहीच, उगाच खूश होऊ नकोस. माझा मुद्दा आजही बिनतोड आहे. पण तो तोडायला तू नाहीस, आणि तू नसताना जिंकलेलं भांडण मला घरात ठेवायचं नाही.

बाबांकडे मी परत आल्यावर जाईन. रिकाम्या हातानं जाईन आणि पुन्हा पहिल्यापासून सांगेन, त्यांना कळेपर्यंत. त्यांना वेळ आहे. मलाही.

सोमवारी कार्डं मीच यंत्रात घालीन. उत्तर छापून येईल, सगळे कागदाकडे बघतील, आणि तेवढ्यात आत तुझी ओळ चालून जाईल. कुणाला काही दिसणार नाही. मग माझ्या मागं रांगेत जो कुणी असेल तो पुढं येईल, अमरावतीचा असेल नाहीतर चंद्रपूरचा, पहिल्यांदाच आलेला, झाडायचं विसरलेला. त्याचं उत्तर पहिल्या फटक्यात बरोबर येईल. आणि घरी जाईपर्यंत त्याला वाटत राहील की आपण भलतेच हुशार आहोत.